हत्तीरोग : औषध आणि उरलेले बी



वसंतातील व्याख्यानासाठी आम्ही हत्तीरोगाचा विषय निवडला, याचे काहींना नवल वाटेल. परंतु राष्ट्रीय कार्यक्रमाच्या हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांच्या यादीत नांदेड व लातूर ही दोन्ही नावे आलेली आहेत. तेव्हा हा विषय परमुलखातला नव्हे, आपल्या ओसरीवरचाच आहे.

गोळी घेतली की जंत मेले, असा आपला साधा समज असतो. तो कितपत खरा आहे? सांडपाण्यात वाढणारा क्युलेक्स डास चावतो तेव्हा त्याच्याकडील जंतांच्या अळ्या आपल्या शरीरात शिरतात. लसिकावाहिन्यांत जाऊन त्या मोठ्या होतात. नर-मादी तेथेच सहा ते आठ वर्षे संसार थाटतात आणि लाखो सूक्ष्म पिले रक्तात सोडतात. ही पिले रात्री त्वचेजवळच्या रक्तात येतात. म्हणूनच रक्त तपासणारा कर्मचारी अपरात्री दार ठोठावतो.

रोग जडायला असे दंश पुष्कळ व्हावे लागतात. म्हणजे एकाच माणसाच्या अंगातले जंत एका घरचे नसतात. कोणी यंदा आलेला, कोणी पाच वर्षांपूर्वीचा. कोणी या गल्लीतला, कोणी त्या वस्तीतला. वयाने निराळे, कुळाने निराळे असे जंत एकत्र नांदतात. मग एकच औषध त्या सर्वांना सारखे कसे लागू पडावे?

डीईसीची गोळी रक्तातल्या पिलांचा बहुतांशी फडशा पाडते. थोर जंतांपैकी मात्र काही मरतात, काही तग धरतात आणि काही काळाने पुन्हा पिले सोडू लागतात. आपल्या काळ्या रानातला कुंदा तुम्ही जाणता. वरून कापला की रान स्वच्छ दिसते. पण मूळ खोल असते, पाऊस पडला की तो पुन्हा वर येतो. म्हणून औषध एकदा घेऊन भागत नाही, ते वर्षानुवर्षे घ्यावे लागते. २००४ पासून देशभर सार्वत्रिक औषधोपचाराची मोहीम सुरू झाली. पुढे डीईसीला अल्बेंडाझोलची जोड मिळाली आणि २०१९ मध्ये नागपूर जिल्ह्यात आयव्हरमेक्टिन हे तिसरे औषधही देण्यात आले. एकाच्या हातून जे निसटते, ते तिघांनी मिळून धरावे, हा त्यामागचा विचार.

यात आणखी एक धोका संभवतो. हिवतापाचा दाखला घ्या. एका रोग्याच्या रक्तात त्याच्या जंतूंचीही अनेक कुळे असू शकतात. औषधाने दुबळी कुळे मरतात, चिवटांना रान मोकळे मिळते आणि तेच बी डास पुढे नेतो. क्लोरोक्विनला न जुमानणारा हिवताप आपल्या देशात १९७३ मध्ये आसामात आढळला, तो असाच बळावत गेला. शेळ्यामेंढ्यांच्या पोटातले जंतही अल्बेंडाझोलच्या जातीच्या औषधांना निर्ढावले आहेत. हत्तीरोगाच्या बाबतीत ती पाळी येऊ नये, असे आम्हांस वाटते.

आणि येथे आम्हांला एक कबुली दिली पाहिजे. पहिल्या वर्षी घरी आलेल्या गोळ्या आम्ही कोनाड्यात ठेवल्या. 'आमचे पाय तर धडधाकट आहेत' ही आमची सबब! परंतु पाय सुजण्यापूर्वी कित्येक वर्षे जंत अंगात गुपचूप राहतात. धडधाकट दिसणाराच नकळत डासाला बी पुरवीत असतो. गोळीनंतर कोणाला ताप येतो, डोके दुखते. ते बहुधा मरणाऱ्या जंतांमुळे. त्याला भिऊन गोळी टाकणे म्हणजे अर्धी खुरपणी करून रान सोडणे होय.

दोन वर्षांखालील मुले, गर्भवती स्त्रिया आणि अत्यवस्थ रोगी यांना हे औषध देत नाहीत. बाकी सर्वांनी ते कर्मचाऱ्यासमोरच गिळावे. सुजून घट्ट झालेला पाय गोळीने पूर्ववत होत नाही, हे दुःख खरे. त्याला रोज धुणे, कोरडे ठेवणे, जखमेपासून जपणे हाच आधार. परंतु शेजारच्या घरातल्या लेकराचा पाय वाचविणे अजून आपल्या हातात आहे. त्यासाठी आधी आपल्या कोनाड्यातली गोळी पोटात गेली पाहिजे.