यार्ड, वाडी आणि दिंडी

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात सभासदांसमोर केलेलं भाषण)



कमिटीने मला सांगितलंय, दहा मिनिटं कशावरही बोला, फक्त मेंटेनन्सवर बोलू नका. म्हणून एका शब्दावर बोलतो. तो आपण सगळे ऐकतो, बहुतेक वेळा वैतागून. शहाड सोडलं की गाडी रखडते आणि डब्यात कोणीतरी म्हणतं, "घ्या, कल्याण यार्डात अडकली!"

हा 'यार्ड' मूळचा रेल्वेचा नाही. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ कुंपण घातलेली जागा. इंग्रजीच्या भावंडांना जर्मानिक भाषा म्हणतात. त्यांच्यातही हा शब्द आहे, पण अर्थ थोडाथोडा सरकलेला. जर्मनमध्ये 'गार्टेन' म्हणजे बाग. स्वीडिशमध्ये 'गोर्ड' म्हणजे शेतावरचं घर-अंगण. इंग्रजीने तर घरचा 'यार्ड' असताना फ्रेंचांमार्फत तोच शब्द 'गार्डन' म्हणून पुन्हा उचलला. थोडं लांबचं नातं रशियनशी: तिथे 'गोरोद' म्हणजे शहर, आणि लेनिनग्राडमधला 'ग्राड' त्यातलाच. कुंपण एकच, आत कोणी भाजी लावली, कोणी गुरं बांधली, कोणी शहर वसवलं. (गाडीचा गार्ड मात्र यांच्यातला नाही हं. तो महापालिकेच्या वॉर्डाचा सख्खा भाऊ. दोघांचं मूळ राखण करण्यात.)

आता गंमत ऐका. भाषांचे अभ्यासक याच कुळाशी संस्कृत 'गृह'चं नातं जोडतात. 'गृह'चं प्राकृतात 'घर' झालं, तेच आपलं घर. म्हणजे गाडी यार्डात थांबते तेव्हा ती आपल्या घराच्या चुलतभावाकडेच थांबलेली असते. उशिराचं हे कारण घरी चालेल का, ते ज्याचं त्याने बघावं.

असाच प्रवास आपल्या 'वाडी'ने केला. संस्कृतात 'वाट' म्हणजे कुंपण, कुंपणातली जागा. (आपण चालतो ती वाट वेगळी, ती 'वर्त्म'पासून आली.) गुजरातीत 'वाड' म्हणजे अजूनही कुंपणच, आणि 'वाडी' म्हणजे बाग. कोकणात माडापोफळींची बाग ती वाडी, आणि पाच-पंचवीस घरांची वस्ती तीही वाडी. गिरगावात बागा गेल्या, चाळी आल्या, तरी फणसवाडी हे नाव राहिलं. छत्तीसगढात 'बाडी' म्हणजे परसबाग. बंगालीत 'बाडी' म्हणजे थेट घर. टागोरांचं कोलकात्याचं घर ठाकुरबाडीच. आणि पुण्यात मोठ्या माणसाचं घर तो वाडा.

या दोन कुळांची एक भेट आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यात झाली, ती मला फार आवडते. जर्मनीत फ्रोबेल यांनी १८४० साली लहान मुलांच्या शाळेला 'किंडरगार्टेन' नाव दिलं, म्हणजे मुलांची बाग. आपल्याकडे त्याला शब्द रुळला बालवाडी. आता पालघर जिल्ह्यात असलेल्या बोर्डीला १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं. मुलं शाळेपर्यंत येईनात, तेव्हा शाळाच वस्तीतल्या अंगणात गेली, ती अंगणवाडी. १९७५ पासून सरकारी योजनेमुळे हा मराठी शब्द देशभर पोचला. कुंपणाच्या शब्दातून निघालेली शाळा, आणि तिला कुंपणच नाही!

आता आपल्या भिंतीकडे येतो. 'कंपाउंड वॉल'मधला कंपाउंडसुद्धा परगावचा पाहुणा. बहुधा मलय भाषेतल्या 'कांपुंग'वरून तो इंग्रजीत आला, आणि कांपुंग म्हणजे खेडं, वस्ती. म्हणजे भिंतीच्या आतली माणसं हा मूळ अर्थ. आपण कंपाउंड म्हटलं की आधी भिंतच बघतो.

हे सगळं आज सांगण्याचं कारण उघड आहे. येत्या सर्वसाधारण सभेत भिंत दोन फूट वाढवायची आणि चाळीकडचं मागचं छोटं फाटक विटांनी बुजवायचं, असा ठराव येतोय. गाड्यांमधून पेट्रोल चोरीला गेलंय, हे खरं आहे. माझ्याही स्कूटरचं गेलंय. भिंत वाढवायला माझी हरकत नाही. पण त्या फाटकातून कोण येतं? आपल्याकडे स्वयंपाकाला, धुण्याभांड्याला येणाऱ्या बायका. पलीकडची मुलं, शाळेची रिक्षा पकडायला. आणि आपल्यातले निम्मेअधिक लोक सकाळी तिथूनच आंबिवली स्टेशन गाठतात. फाटक बुजवलं तर या सगळ्यांना मेन रोडने वळसा.

जुन्या वाड्यांना केवढ्या भिंती असायच्या! पण मोठा दरवाजा बंद झाला तरी त्याच्यात एक दिंडी असायची. एकेका माणसाने वाकून आत यायचं. आतल्याला कळायचं कोण आलं, आणि बाहेरच्याला रात्री-अपरात्रीही हाक मारता यायची.

म्हणून माझी सूचना लिहून घ्या, सेक्रेटरीसाहेब. भिंत वाढवा. फाटकावर दिवा आणि कॅमेरा लावा. रात्री अकरा ते पहाटे पाच कुलूप, किल्ली वॉचमनकडे. विटा आणि सिमेंटचा खर्च वाचेल, त्यात दिवा येतो. कॅमेऱ्याचे पैसे कमी पडले तर पहिली वर्गणी माझ्याकडून घ्या.