दोघांचाही गोल आणि रुपयाचा भाव



फुटबॉल गिरगावाला नवा नाही. १८९१ साली सुरू झालेल्या रोव्हर्स चषकाचे सामने कूपरेजवर होत. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद पोलिसांनी तो चषक नेला, तेव्हा मुंबईकरांच्या जिवाची काय तगमग झाली असेल ते आपणच ताडावे. त्या काळी वाद एकच : जिंकणार कोण? आज खोताच्या वाडीत एखाद्या ओट्यावर मोबाईल घेऊन बसलेला मुलगा निराळेच विचारतो : दोन्ही संघ गोल करतील का?

ही पैज मोठी लाघवी. जिंकले कोण याच्याशी तिला कर्तव्य नाही. एक-एक होवो की चार-एक, ‘होय’ म्हणणाऱ्याचे पैसे आले. पाच-शून्य झाले की गेले. म्हणून सामना एकतर्फी झाला तरी पैज शेवटच्या मिनिटापर्यंत जिवंत राहते, आणि ज्या संघाचे नावही काल ठाऊक नव्हते त्याच्यासाठी हा मुलगा देव पाण्यात घालून बसतो.

आता थोडे गणित. घाबरू नका, शाळेतल्या अपूर्णांकांपलीकडे आम्ही जाणार नाही. समजा, एक संघ चारपैकी तीन सामन्यांत गोल करतो, दुसरा तीनपैकी दोन. बारा सामने घ्या. पहिल्याचा गोल नऊंत. त्या नऊंपैकी दुसऱ्याचाही सहांत. (गोल खाल्लेला संघ चवताळून पुढे येतो, तेव्हा खरा हिशेब इतका सरळ नसतो, पण आज एवढे पुरे.) बारात सहा, म्हणजे निम्मेनिम्म. रुपयाला दोन रुपये हा खरा भाव झाला. पैज घेणारा देतो, समजा, एक रुपया ऐंशी पैसे. ‘होय’लाही तोच, ‘नाही’लाही तोच. दर सामन्याला शंभर लावणारा बाराशे घालतो नि एक हजार ऐंशी परत आणतो.

लालबाग-परळच्या वडीलधाऱ्यांना हा हिशेब ओळखीचा वाटेल. न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावांवर लागणारा आकडा १९६१ साली बंद पडला, आणि १९६२ साली कल्याणजी भगत यांचा वरळी मटका सुरू झाला. १९६४ साली रतन खत्रींचा. दहा आकड्यांतला एक लावायचा, लागला तर रुपयाला नऊ. तिथेही शंभरात दहा घेणाऱ्याचेच.

“पण आम्हाला खेळ कळतो!” असेल. १९५७ साली शब्दकोड्यांच्या बक्षिसांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कौशल्य आणि नशीब यांत भेद केला, आणि तो युक्तिवाद पुढे पुष्कळांच्या कामी आला. परंतु भाव ठरवणाऱ्यालाही खेळ कळतो, बहुधा आपल्याहून जास्त. या भावाने शंभरांत छप्पन्न वेळा आपण बरोबर ठरलो, तर कोठे मुद्दल सुटते.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळण्याचे ऑनलाइन खेळ बंद करणारा कायदा केला. कौशल्याचा भेद त्यात ठेवलेला नाही. शिक्षा चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. हे आम्हाला योग्य वाटते. पण कायद्याला वही वाचता येत नाही.

आमच्या परिचयाचा एक मुलगा जिंकलेल्या पैजा वहीत टिपून ठेवी. हरलेल्या? “त्या काय लिहायच्या!” आम्ही त्याला शेजारी दुसरा रकाना आखून दिला. महिनाभराने त्याने ती वही आपण होऊन आईच्या हाती ठेवली, आणि कपाटातल्या बांगड्या कुठे गेल्या होत्या ते त्या माउलीला त्या दिवशी कळले.