ऐकणाऱ्याचंही कुणी ऐकावं



मी वॉर्डात शिरलो, की एखादा तरी रुग्ण अंथरुणात सावरून बसतो आणि विचारतो, ‘‘काय फादर, डॉक्टरांनी हात टेकले वाटतं?’’ आमच्या पंथात ‘फादर’ म्हणत नाहीत, ‘पाळक’ म्हणतात. पण आजारी माणसाशी त्यावर वाद कशाला घालायचा? मी स्टूल ओढतो आणि सांगतो, ‘‘नाही हो, सहज आलोय.’’

मी एका मिशन इस्पितळात चॅप्लेन आहे. चॅप्लेन म्हणजे चर्चऐवजी इस्पितळात, तुरुंगात, कॉलेजात किंवा काही देशांत सैन्यात नेमलेला पाळक. चर्चमध्ये लोक पाळकाकडे येतात; इथे पाळक लोकांकडे जातो. आमच्याकडे खाटांवरची बहुतेक माणसं हिंदू किंवा मुसलमान असतात. तेव्हा मी त्यांच्याशी बोलायचं तरी काय?

हा प्रश्न नोकरीच्या पहिल्याच वर्षी माझ्यासमोर उभा राहिला. मोटारसायकलच्या अपघातात एका बाईंचा तरुण मुलगा गेला. त्या पायरीवर बसल्या होत्या. मी जवळ जाऊन म्हणालो, ‘‘मावशी, धीर धरा. देवाची इच्छा.’’ त्यांनी वर पाहिलं आणि विचारलं, ‘‘तुमास्नी पोरगा हाय का?’’ मग तोंड फिरवलं. मी तिथून निघून गेलो. खरं सांगायचं तर पळालो.

सेमिनरीत मी ग्रीक शिकलो होतो, प्रवचन कसं बांधावं ते शिकलो होतो. पायरीवर गप्प कसं बसावं, ते मात्र कुणी शिकवलं नव्हतं.

ते शिकवता येतं, हे मला पुढे कळलं. त्याची सुरुवात अमेरिकेत झाली. अँटन बॉइसन नावाचे एक पाळक होते. १९२० साली त्यांचं मानसिक संतुलन ढासळलं आणि त्यांना मनोरुग्णालयात दाखल व्हावं लागलं. बरे झाल्यावर ते मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर इथल्या मनोरुग्णालयात चॅप्लेन झाले, आणि १९२५ च्या उन्हाळ्यात त्यांनी धर्मशास्त्राच्या चार विद्यार्थ्यांना तिथे बोलावलं. भावी पाळकानं पोथ्या वाचाव्यात, तशी दुःखात सापडलेली माणसंही वाचायला शिकावं, असं त्यांचं म्हणणं होतं. बॉस्टनचे डॉक्टर रिचर्ड कॅबट यांनी त्यांना साथ दिली. डॉक्टर जसा रुग्णांमध्ये राहून तयार होतो, तसाच पाळकही व्हावा, हा कॅबट यांचा आग्रह होता. आज अमेरिकेत या शिक्षणाचं एक युनिट साधारण ४०० तासांचं असतं.

आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात हे प्रशिक्षण मिळतं. मीही तिथेच गेलो. रोज वॉर्डात जायचं, रुग्णाशी बोलायचं आणि परत आल्यावर झालेलं संभाषण आठवून शब्दन् शब्द लिहून काढायचं. तो काय म्हणाला, मी काय म्हणालो, कुठे दोघंही गप्प झालो, सगळं. मग ते पाच-सहा सहकाऱ्यांपुढे वाचायचं. मी त्या पायरीवरच्या मावशींचा प्रसंग वाचला. आमच्या मार्गदर्शकांनी एकच प्रश्न केला, ‘‘देवाची इच्छा हे तुम्ही कुणासाठी म्हणालात? त्यांच्यासाठी, की स्वतःसाठी?’’

मला उत्तर देता येईना. ते वाक्य मी माझ्यासाठीच म्हटलं होतं. त्यांचा आकांत मला सोसवत नव्हता आणि तो थांबावा म्हणून मी देवाचं नाव पुढे केलं होतं.

आणखी एक गोष्ट तिथे अंगी मुरली. खाटेवरचा माणूस दुबळा असतो, त्याला उठून जाता येत नाही. म्हणून आपला धर्म त्याच्या उशाशी मांडायचा नाही. त्याला गीता हवी असेल तर गीता मिळवून द्यायची, नमाजासाठी कोपरा हवा असेल तर सिस्टरना सांगायचं. त्यानं स्वतः प्रार्थना मागितली, तरच करायची.

इथपर्यंत झालं प्रशिक्षण. पण मला आज ज्यासाठी बोलायचं आहे, ते याच्या पुढचं आहे.

२०२१ च्या करोनाच्या दुसऱ्या लाटेत नातेवाइकांना आत सोडत नव्हते. मी पीपीई किट घालून रुग्णाच्या कानाशी मोबाईल धरायचो. पलीकडून बायको बोलायची, मुलं बोलायची. काही वेळा त्यांचं बोलणं पुरं होण्याआधीच इकडचा श्वास संपायचा, आणि ते त्यांना मलाच सांगावं लागायचं. लाट ओसरली, पण माझी झोप परतली नाही. घरात फोन वाजला, की हात थरथरायचा.

त्या वर्षी आमच्या पंथाच्या सभेत प्रत्येक पाळकानं अहवाल दिला. उपासनेला किती लोक, दानार्पण किती, छपराची दुरुस्ती कुठवर आली. माझ्याकडे ना मंडळी, ना दानपेटी, ना छप्पर. माझा अहवाल दोन मिनिटांत आटोपला. कुणी वाईट वागलं नाही. फक्त कुणी काही विचारलं नाही.

अमेरिकेत तिथल्या प्रमुख संघटनेचं प्रमाणपत्र घ्यायचं, तर चॅप्लेनला अशी चार युनिटं पुरी करावी लागतात, आणि शिवाय आपल्या पंथाचं मान्यतापत्रही लागतं. त्या कागदाचा अर्थ, ‘हा आमचा माणूस आहे, आम्ही याला पाठवलं आहे.’ मला ती कल्पना आवडते. पण पाठवणाऱ्यानं पाठवलेल्याची विचारपूसही करायला हवी, नाहीतर तो नुसता कागदच.

मला सावरलं ते एका निवृत्त चॅप्लेननी. त्यांनी फोन करून एवढंच विचारलं, ‘‘झोप लागते का?’’ मी तासभर बोललो. त्यांनी एकदाही ‘देवाची इच्छा’ म्हटलं नाही. त्यानंतर आम्ही निरनिराळ्या इस्पितळांतले चौघं जण दर गुरुवारी रात्री फोनवर भेटू लागलो. रुग्णांची नावं घ्यायची नाहीत, उपदेश करायचा नाही, एवढे दोनच नियम. पुढे मी धीर करून आमच्या वरिष्ठांना पत्र लिहिलं. तीन गोष्टी मागितल्या: महिन्यातून एकदा अनुभवी मार्गदर्शकाशी बोलण्याची सोय, आठवड्याची एक खरीखुरी सुट्टी, आणि वार्षिक सभेत आमच्यासाठी एक वेगळा प्रश्न: ‘तुम्ही कसे आहात?’ पहिल्या दोन मान्य झाल्या. तिसरीसाठी मी अजून चिकाटी धरून आहे.

हे केवळ चॅप्लेनपुरतं नाही. रात्रपाळीची सिस्टर, शवागारातला कर्मचारी, रुग्णवाहिकेचा चालक, सगळे दुसऱ्यांचं दुःख उचलून घरी जातात. तुमच्या घरात, शेजारात असं कुणी असेल. आज संध्याकाळी त्यांच्याजवळ थोडं बसा. सांत्वनाचं वाक्य शोधू नका. विचारा, आणि मग गप्प राहून ऐका.

त्या मावशी मला पुन्हा भेटल्या नाहीत. भेटल्या, तर या वेळी मी त्या पायरीवर नुसता बसेन.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)