न घेतलेल्या विमानाचे ऋण



उड्डाण-चाचणीच्या या परिषदेचे अध्यक्षपद आपण मला दिले आहे.

अध्यक्षाने सरलेल्या काळातील कामाचा आढावा घ्यावा, अशी प्रथा आहे. नौदलासाठी घडवलेल्या तेजसपुरता तो असा. एनपी-1 हा पहिला नमुना 27 एप्रिल 2012 रोजी बंगळुरूत उडाला. 20 डिसेंबर 2014 रोजी गोव्यात, आयएनएस हंसा या दाबोळीच्या नौदल तळावरील किनारी चाचणी केंद्राच्या स्की-जंपवरून, म्हणजे टोकाशी वर वळलेल्या रॅम्पवरून, त्याने पहिली झेप घेतली. ऑगस्ट 2018 मध्ये विमान जमिनीवर धावत नेऊन त्याला थांबवणाऱ्या तारेत हूक अडकवण्याच्या चाचण्या सुरू झाल्या. 13 सप्टेंबर 2019 रोजी तेजसने हवेतून उतरत तार पकडली. 11 जानेवारी 2020 रोजी कमोडोर जयदीप मावळणकर यांनी ते विक्रमादित्य या विमानवाहू जहाजाच्या डेकवर उतरवले. 6 फेब्रुवारी 2023 रोजी ते नव्या विक्रांत या विमानवाहू जहाजावर उतरले.

आढावा मी इथेच थांबवतो. बाकीचे विषय दोन दिवसांच्या निबंधांत येतीलच. मला आज एकच गोष्ट बोलायची आहे आणि ती बोलण्याची संधी मी फार वर्षे शोधत होतो.

डिसेंबर 2016 मध्ये नौदलाने स्पष्ट केले की हे विमान जड आहे, डेकवरून लढण्यासाठी ते पुरे पडणार नाही. तो निर्णय नौदलाचा होता आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार पुढची आहे. त्या दिवसापासून वर्तमानपत्रांनी या कार्यक्रमाला अपयशी ठरवले. आपल्यातल्याही कित्येकांनी ते मुकाट मान्य केले. आता मघाच्या तारखा पुन्हा आठवा. हूक तारेत अडकला, तेजस विक्रमादित्यवर उतरले, विक्रांतवर उतरले, हे सारे त्या निर्णयानंतर घडले. विमान घ्यायचे नाही हे ठरल्यावरही एक पथक रोज सकाळी दाबोळीच्या धावपट्टीवर येत राहिले. ते का येत राहिले, हे विचारायची गरज कुणाला वाटली नाही.

ते आले, कारण प्रश्न शिल्लक होते. जमिनीवर उतरणारा वैमानिक शेवटच्या क्षणी नाक उचलून विमान अलगद टेकवतो. डेकवर तशी मुभा नसते. ठरलेल्या कोनात सरळ खाली यायचे, चाके आदळू द्यायची आणि हूक चुकलाच तर पुन्हा उडता यावे म्हणून त्याच क्षणी इंजिनाला पूर्ण ताकद द्यायची. उड्डाणाचेही तसेच. स्की-जंपच्या टोकाशी विमानाचा वेग उडण्यासाठी पुरेसा नसतो. रॅम्प त्याला वर फेकतो आणि पुढचे काही क्षण संगणकाने विमानाचा कोन नेमका धरून ठेवायचा असतो. हा नियंत्रणाचा तर्क आपल्याच अभियंत्यांनी लिहिला होता. तो खरा आहे की नाही, हे कागदावर कळत नाही. त्यासाठी रॅम्पवरूनच उडावे लागते. पंखांच्या मुळाशी बसवलेले हलते पृष्ठभाग उतरण्याचा वेग किती कमी करतात, आदळताना चाकांच्या दांड्यांवर किती भार येतो, हेही तसेच. दोन इंजिनांच्या नव्या नौदल विमानाचा आराखडा मांडणाऱ्यांच्या हातात आज या प्रश्नांची मोजलेली उत्तरे आहेत. आणि रॅम्पचे म्हणाल, तर 2022 मध्ये राफाल-एम आणि सुपर हॉर्नेट ही कॅटापल्टवर, म्हणजे विमान डेकवरून भिरकावणाऱ्या यंत्रावर वाढलेली विमाने आपल्या जहाजांवरून उडू शकतात हे दाखवायला गोव्यातल्या त्याच रॅम्पवर आली. ज्या कार्यक्रमाला आपण अपयशी म्हणतो, त्याच्यासाठी उभारलेल्या रॅम्पवर जगातली नामांकित विमाने जोखली गेली.

आपल्या परिषदांमध्ये एक वाद नेहमी रंगतो. संगणकीय प्रतिकृती एवढ्या अचूक झाल्यावर इतकी महागडी उड्डाणे कशाला? मला या वादात एक अनुभव सांगायचा आहे. आम्ही एका युद्धनौकेवर हेलिकॉप्टरच्या उतरण्याच्या मर्यादा ठरवत होतो. कोणत्या दिशेने किती वारा असताना उतरणे सुरक्षित, याचा आलेख वातबोगद्यातल्या प्रयोगांवरून तयार होता. आलेखानुसार आम्ही मर्यादेच्या खूप आत होतो. उपकरणेही सगळे ठीक सांगत होती. तरी डेकच्या वर स्थिरावताना वैमानिक म्हणाला, "पेडल संपत आलंय." म्हणजे हेलिकॉप्टरचे नाक सरळ धरून ठेवायला पायाखाली फारसा वाव उरला नव्हता. जहाजाच्या हँगरला वळसा घालून येणारा वारा त्या उंचीवर असा काही घुसळत होता की, कोणत्याच आलेखात तो उतरला नव्हता. चाचणी तिथेच थांबवली. आलेखावर विश्वासून "आणखी थोडे पुढे जा" असा आग्रह झाला, पण आमच्या पथकप्रमुखांनी तो मानला नाही. मर्यादा कमी ठरली आणि तशीच लिहिली गेली.

माझ्या मते वादाचा निकाल तिथेच लागला. पण या अनुभवाचा उत्तरार्ध मला आजही अस्वस्थ करतो. बऱ्याच वर्षांनी तशाच जहाजावर दुसऱ्या पथकाने तेच वारे, तेच कोन, तेच धोके पुन्हा पहिल्यापासून तपासले. आमचा अहवाल कुणाला सापडलाच नव्हता. तो कुठल्या कपाटात गेला, कुणाच्या बदलीत हरवला, ते कधी कळले नाही. एकदा जिवावर उदार होऊन मिळवलेले ज्ञान दुसऱ्यांदा तितक्याच धोक्याने मिळवावे लागले. याहून मोठी उधळपट्टी मला माहीत नाही.

इतरांनी काय केले ते पाहा. ब्रिटिश नौदलाचे चाचणी वैमानिक एरिक ब्राउन यांनी 1945 साली पहिल्यांदा जेट विमान जहाजावर उतरवले. 1948 साली त्यांनीच वॉरियर या जहाजावर रबराच्या गादीसारख्या डेकवर चाके न उघडता जेट उतरवून दाखवले. चाकांचे ओझे गेले तर विमान हलके होईल, अशी ती कल्पना होती. पण उतरलेले विमान स्वतःहून जागचे हलू शकत नव्हते आणि ती कल्पना सोडून द्यावी लागली. त्या चाचण्या मात्र नीट नोंदल्या गेल्या. 1951 साली अशा डेकवर विमाने उभी कुठे करायची, याच प्रश्नाचा विचार करताना त्याच नौदलाचे डेनिस कॅम्बेल यांना तिरक्या डेकची कल्पना सुचली. आज विक्रांतवर उतरणारे प्रत्येक लढाऊ विमान तिरक्या डेकवरच उतरते. न स्वीकारलेल्या प्रयोगाचे हे देणे आहे.

यावर कुणी गुप्ततेचे कारण सांगतील. विमानाच्या मर्यादांचे आकडे गुप्तच राहिले पाहिजेत, याबद्दल मतभेद नाही. पण चाचणीची आखणी कशी केली, कोणती पायरी आधी घेतली आणि का, टेलिमेट्रीच्या खोलीतून "थांबा" म्हणण्याचा अधिकार कुणाला होता आणि तो त्याने कसा वापरला, यात शत्रूच्या उपयोगाचे काहीही नाही. आपल्या तरुण अभियंत्यांच्या उपयोगाचे मात्र सगळे आहे. गुप्ततेच्या नावाखाली आपण आळस झाकतो, हे मी या व्यासपीठावरून स्पष्ट बोलतो.

म्हणून परिषदेपुढे तीन कामे ठेवतो. निवृत्त वैमानिक, अभियंते आणि तंत्रज्ञ यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात. परवानगी मिळेल तेवढ्या जुन्या अहवालांची सूची करावी. आणि उड्डाण-चाचणीवर विद्यार्थ्यांसाठी मराठीत एक पुस्तक सिद्ध करावे. तपशील कार्यकारिणी ठरवील. मनुष्यबळ आणि निधी यांचा विचार पुढच्या बैठकीत होईल.

तेजसची पहिली झेप पाहिलेले तंत्रज्ञ आता निवृत्त होऊ लागले आहेत. त्यांच्या डोक्यात जे आहे ते दुसरीकडे कुठेही लिहिलेले नाही. मित्रांनो, विमान घेतले गेले की नाही, याची वाट पाहू नका. जे सांगण्याजोगे आहे ते लिहा, आणि ज्यांनी ते काम केले त्यांच्या हयातीतच लिहा.