एका शिक्षिकेचे पुण्यस्मरण : मिस सिंथिया फरार
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त आळेफाटा येथे दिलेले भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगी देवळाच्या भिंती कोणी उभारल्या, घंटा कोणी दिली, वेदीसाठी दगड कोणाच्या देणगीतून आला, ह्यांची नावे आपण आदराने उच्चारतो, आणि ते सर्वथा योग्य आहे. परंतु ज्या हातांनी आपल्या मुलांची बोटे धरून पाटीवर पहिले अक्षर गिरविले, त्या हातांचे नाव अशा यादीत क्वचितच येते. शिक्षकाचे काम चांगले झाले म्हणजे ते दिसेनासे होते. मूल वाचू लागले की ते पुस्तकात रमते. वाचावयास कोणी शिकविले ह्याची आठवण त्यास राहत नाही. म्हणूनच आज एका प्राथमिक शाळेच्या शिक्षिकेचे चरित्र आपणांपुढे ठेवावे असे मी योजिले आहे. त्यांचे नाव मिस सिंथिया फरार.

हे नाव ऐकून काहींच्या मनात शंका येईल. ह्या बाई आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या नव्हत्या. त्या अमेरिकन मराठी मिशनच्या, म्हणजे प्रॉटेस्टंट पंथाच्या होत्या. मग आपल्या महोत्सवात त्यांचे स्मरण कशासाठी? ह्या शंकेचे उत्तर पवित्र ख्रिस्तसभेनेच देऊन ठेविले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६४ साली ख्रिस्ती ऐक्याविषयी जो आदेश प्रसिद्ध केला, त्यात आपल्यापासून विभक्त झालेल्या बंधूंच्या ठायी जे खरे ख्रिस्ती धन दिसेल, त्याचा कॅथलिकांनी आनंदाने स्वीकार व गौरव करावा असे सांगितले आहे. शिवाय ज्या प्रांतात आपण राहतो, त्या प्रांतातील मुलींच्या हाती पाटी देणाऱ्या स्त्रियांमध्ये ह्या बाई फार पुढे होत्या. त्या ऋणाला पंथाची कुंपणे नाहीत.

सिंथिया फरार ह्यांचा जन्म १७९५ साली अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर प्रांतात मार्लबरो ह्या गावी झाला. त्या काळी तिकडेदेखील अविवाहित स्त्रीने एकटीने समुद्र ओलांडून परमुलखात कामास जावे ही गोष्ट कोणास रुचणारी नव्हती. मिशनरी जात ते पुरुष, आणि त्यांच्या समवेत त्यांच्या पत्नी. परंतु मुंबईत अमेरिकन मिशनने १८२४ साली मुलींची पहिली शाळा काढली होती, तिच्यामागून आणखी शाळा निघाल्या, आणि त्या सर्वांवर नित्य देखरेख ठेवील अशी स्त्री हवी होती. ती हाक फरारबाईंनी ऐकिली. १८२७ च्या जून महिन्यात त्यांनी बोस्टन सोडले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर त्या मुंबईस उतरल्या. धर्मकार्यासाठी अमेरिकेतून परदेशी गेलेल्या अगदी पहिल्या अविवाहित स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते. तेव्हा त्यांचे वय ३२ वर्षांचे होते.

आपल्या भाषेत ‘फरार’ ह्या शब्दाचा अर्थ आपण सर्व जाणतो. योगायोग असा की, ज्यांचे नाव पळून जाण्याचे, त्यांनी हाती घेतलेले काम सोडून कधी पाय काढिला नाही.

ते काम कसले होते, ह्याची कल्पना आज करणे कठीण आहे. त्या काळी गावोगावी पंतोजींच्या शाळा होत्या. मुले धूळपाटीवर अक्षरे काढीत, पाढे म्हणत. परंतु ह्या शाळांत मुली नसत. मुलगी वाचू लागली तर घरावर अरिष्ट येते, ती लवकर विधवा होते, अशी समजूत चांगल्या चांगल्या घरांत होती. ज्या मुली शाळेत येत, त्यांची लग्ने आठव्या-दहाव्या वर्षी होत, आणि अक्षर कोठे हाताला वळू लागले की मुलगी सासरी जाई. मराठी शिकविणाऱ्या स्त्रिया मिळणे जवळजवळ अशक्यच, म्हणून शिकविण्यास पंतोजीच ठेवावे लागत. देखरेख करणाऱ्या बाईने आधी स्वतः मराठी शिकावयाची, मग शाळाशाळांतून फिरावयाचे, मुलींचे वाचन ऐकावयाचे, शिवणकाम शिकवावयाचे, आयांची समजूत घालावयाची. आज पंधरा मुली बसल्या तर उद्या सहाच येतील, हे मनाशी धरून दुसऱ्या दिवशी पुन्हा दार उघडावयाचे. फरारबाईंनी हेच काम वर्षानुवर्षे केले.

मध्यंतरी प्रकृतीच्या कारणास्तव त्या काही काळ मायदेशी गेल्या. तेथे त्या राहू शकल्या असत्या, आणि कोणी त्यांस दोष दिला नसता. परंतु १८३९ साली त्या परत आल्या, आणि ह्या वेळी आल्या त्या आपल्या शेजारच्या अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास. रेल्वे त्या काळी आपल्या प्रांतात नव्हती. मुंबई ते ठाणे ही पहिली गाडी धावली ती १८५३ साली. नगरात त्यांनी मुलींच्या शाळा चालविल्या, आणि तेथेच २५ जानेवारी १८६२ रोजी त्यांचे देहावसान झाले. हिंदुस्थानात पाऊल ठेविल्यापासून तोवर ३४ वर्षे लोटली होती.

आता ह्या चरित्राचे जे मर्म मला वाटते, त्याकडे वळतो. फरारबाईंच्या आयुष्याचा हिशेब त्यांच्या मिशनच्या वहीवरून मांडावयाचा म्हटला, तर त्यात फारसे काही दिसणार नाही. ज्या हेतूने मिशनने शाळा काढिल्या, तो हेतू धर्मप्रसाराचा होता; हे लपविण्याचे कारण नाही, आणि लोकांना तेव्हा वाटणारी धास्ती ही ह्याच कारणाने होती. पहिल्या कित्येक दशकांत त्या मिशनच्या हाती दीक्षितांची मोठी संख्या लागली नाही. आणि शाळेत आलेल्या मुलींपैकी बहुतेक जणी थोडेसे शिकून संसारात दिसेनाशा झाल्या.

परंतु एके दिवशी त्यांची शाळा पाहावयास पुण्याचा एक तरुण आला. त्याचे नाव जोतीराव गोविंदराव फुले. त्याचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे हे त्या सुमारास नगरास नोकरीत होते. जोतीरावांनी १८५३ साली ‘ज्ञानोदय’ पत्राशी बोलताना स्वतःच सांगितले आहे की, अहमदनगरच्या अमेरिकन मिशनमधील फरारबाईंच्या मुलींच्या शाळा पाहून, तेथील शिकविण्याची रीत पाहून, आपणांस फार समाधान वाटले. आईच्या हातून मुलाची जी सुधारणा होते ती मोलाची असते, म्हणून मुलींना शिकविले पाहिजे, हा विचार त्यांच्या मनात पक्का झाला. १८४८ साली पुण्यात बुधवार पेठेतील भिडे वाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढिली. त्यांच्या पत्नी सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण घेताना फरारबाईंच्या हाताखालीही काही काळ घालविला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढे १८५२ च्या नोव्हेंबर महिन्यात पुण्याच्या विश्रामबाग वाड्यात सरकारने जोतीरावांचा सत्कार केला.

जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. १८७३ साली त्यांनी स्थापिला तो सत्यशोधक समाज. फरारबाईंच्या मिशनच्या वहीत त्यांचे नाव जमेच्या बाजूस कधीच लिहिले गेले नाही. तथापि देवाच्या वहीत ते कोणत्या बाजूस लिहिले गेले असेल, ह्याचा आपण विचार करावा.

आपण ह्या भागातील शेतकरी आहोत. कांद्याचे रोप एका वाफ्यात वाढते आणि लावले जाते दुसऱ्याच रानात, हे आपणांस कोणी सांगावयास नको. पुष्कळदा वाफा एकाचा आणि रान भलत्याचेच असते. रोप उपटून नेले की वाफा ओसाड दिसतो. वाटेने जाणाऱ्या परक्या माणसास वाटेल, येथे काहीच पिकले नाही. पण ज्याने बी टाकले व पाणी शिंपले, त्याला ठाऊक असते की पीक कोठे तरी उभे आहे. आपल्या प्रभूनेही शोमरोनाच्या विहिरीपाशी शिष्यांना पेरणाऱ्याविषयी आणि कापणाऱ्याविषयी जो बोध केला, तो आपण उपासनेत वारंवार ऐकिला आहे. फरारबाईंचे जीवन म्हणजे त्या बोधाचे प्रत्यक्ष उदाहरण होय.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १८५५ साली ‘ज्ञानोदय’ पत्रात एक निबंध प्रसिद्ध झाला. लिहिणारी मुक्ता नावाची मुलगी होती, वय अवघे चौदा वर्षांचे, जातीने मांग, शिकलेली फुले ह्यांच्या शाळेत. तिने आपल्या जातीवर आणि महारांवर होणाऱ्या अन्यायाची कैफियत अशा धीट शब्दांत मांडिली की, आजही ती वाचताना मन खालीवर होते. हे पत्र १८४२ साली अहमदनगरात सुरू झालेले, अमेरिकन मिशनचेच. पाहा, नगरात टाकलेले बी पुण्यात रुजले, आणि त्याचे पहिले कणीस नगरच्याच माणसांनी काढिलेल्या पत्रात छापले गेले. तो अंक निघाला तेव्हा फरारबाई हयात होत्या. ज्या मुलीला त्यांनी कधी शिकविले नव्हते, तिच्या हाती अक्षर आले होते.

बंधुभगिनींनो, आपण जेथे जमलो आहो, त्या फाट्याकडे जरा लक्ष द्या. येथून पूर्वेस जाणारा रस्ता नगरास जातो, दक्षिणेस जाणारा पुण्यास. ज्या दोन शहरांत ही कथा घडली, त्यांचे रस्ते आज आपल्या दाराशी एकमेकांस मिळतात. आणि जवळच आळे गावी रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदविले असे लोक सांगतात, तोच हा रेडा. ती कथा श्रद्धेने सांगणाऱ्यांच्या मनात एक मोठे सत्य आहे: शब्द हा कोणा एकाच्या मालकीचा नाही, ज्याला समाजाने मुके ठरविले, त्याच्याही मुखी देव शब्द घालू शकतो. आपले शेजारी जे सत्य समाधीपुढे नारळ वाढवून स्मरतात, त्याच सत्यासाठी एका परदेशी बाईने आपले आयुष्य मुलींच्या पाट्यांपाशी वेचिले.

आपल्या धर्मग्रामालाही हे लागू पडते. नगर आणि पुणे जिल्ह्यांच्या खेड्यापाड्यांत कॅथलिक श्रद्धा रुजली ती केवळ देवळांतून नव्हे. पुष्कळ ठिकाणी आधी आला तो मास्तर. एका खोलीत दिवसा मुलांस बाराखडी शिकवावयाची, संध्याकाळी त्याच खोलीत मोठ्यांस प्रार्थना शिकवावयाची, आणि फादर मिस्सेसाठी गावी येत तेव्हा सर्वांस एकत्र करावयाचे, हे त्याचे काम. पगार थोडका, मान त्याहून थोडका. अशा मास्तरांचे नातू-पणतू आज आपल्यामध्ये बसले असतील. त्यांच्या आजोबांचे नाव कोणत्याही शिळेवर कोरलेले नाही. परंतु आपण हातात पुस्तक घेऊन प्रार्थना म्हणतो, हेच त्यांचे स्मारक होय.

ह्यास्तव महोत्सवाच्या निमित्ताने मी दोन विनंत्या करतो. पहिली घरच्या वडीलधाऱ्यांस. मुलगी शाळेत चांगली चालत असता घरातील अडचणीपायी तिचे शिक्षण मध्येच तोडू नका. लग्नाची घाई हीच फरारबाईंच्या शाळेची पहिली शत्रू होती. आज जवळजवळ दोनशे वर्षांनी ती आपल्या उंबऱ्यावर पुन्हा उभी राहू नये. दुसरी विनंती धर्मग्रामास. देणगीदारांच्या यादीशेजारी ह्या धर्मग्रामात ज्यांनी मुलांना अक्षर शिकविले, त्या साऱ्यांची नावे वृद्धांना विचारून लिहून काढावीत. ते कोणत्या पंथाचे वा धर्मांचे होते हे न पाहता लिहावीत. ही यादी आज केली नाही, तर ज्यांना ती सांगता येईल अशी माणसे पुढील महोत्सवास आपल्यात नसतील.

शिक्षकबंधूंना आणि शिक्षिकाभगिनींना शेवटी एवढेच सांगतो. हजेरीच्या वहीत मुले कमी दिसतील, निकालात आकडे मनासारखे पडणार नाहीत, शिकलेली मुले परगावी निघून जातील आणि वाफा ओसाड दिसेल. तरी खचू नका. वर्गाच्या दारात उभा राहून आपले शिकविणे पाहणारा कोण आहे, आणि तो येथून काय घेऊन जाणार आहे, हे आपणांस कळत नाही. फरारबाईंनाही ते त्या दिवशी कळले नसेल. त्यांनी त्या दिवशी मुलींचा धडा घेतला, इतकेच.

दयाघन परमेश्वर त्यांच्या आत्म्यास, आणि आपल्या सर्व दिवंगत शिक्षकांच्या आत्म्यांस, चिरशांती देवो.