नावात ‘नॅनो’ आहे, आत काय आहे?

हल्ली मोज्यांवर, पाण्याच्या फिल्टरवर, क्रीमच्या डबीवर ‘नॅनो’ हा शब्द दिसतो. बचत गटाच्या बैठकीत अशा वस्तू विकायला माणसंही येतात. म्हणून आज थोडं या नॅनोबद्दल बोलू.

एका मीटरचे शंभर कोटी भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपला केस साधारण 80 हजार ते 1 लाख नॅनोमीटर जाड असतो. नॅनो कण 100 नॅनोमीटरपेक्षाही लहान. आता गुळाचा खडा चहात टाका, विरघळायला वेळ लागतो. तोच गूळ किसून टाका, लगेच विरघळतो. गूळ तोच, पण बारीक झाला की त्याचं वागणं बदलतं. चांदीचं, जस्ताचंही तसंच. बारीक कणांचा गुण वाढतो, आणि तो शरीरात कुठवर पोचेल हेही बदलतं.

चांदीचे कण जंतू मारतात. म्हणून ते मोज्यांत घालतात, वास येऊ नये म्हणून. 2008 साली अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या संशोधकांनी असे मोजे धुऊन पाहिले. काही मोज्यांतली जवळजवळ सगळी चांदी थोड्याच धुण्यांत पाण्यात गेली. म्हणजे पैसे गेले, आणि चांदी सांडपाण्यात. ते पाणी आपल्या परसबागेत जातं. मातीतले, शेणखतातले जिवाणू आपल्या कामाचे असतात. चांदीला चांगला जंतू आणि वाईट जंतू असा फरक कळत नाही.

दुसरी गोष्ट श्वासाची. उन्हापासून वाचवणाऱ्या क्रीममध्ये टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइडचे बारीक कण असतात. धड कातडीवर लावलेलं क्रीम आत फारसं शिरत नाही, असं आजवरचे अभ्यास सांगतात. पण तेच फवाऱ्यातून किंवा भुकटीतून उडालं, तर कण फुप्फुसात खोलवर जाऊ शकतात. म्हणून फवाऱ्यापेक्षा क्रीम बरं. लेकरांच्या तोंडाजवळ तर फवारा मारूच नये.

तिसरी गोष्ट खाण्याची. हेच टायटॅनियम डायऑक्साइड खाद्यपदार्थ पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून वापरतात. पाकिटावर त्याचा क्रमांक 171 असतो. त्यातले काही कण नॅनो आकाराचे असतात. पेशींतल्या जनुकांना त्यापासून धोका नाही, अशी खात्री देता येईना, म्हणून युरोपीय संघानं 2022 साली ते खाण्यात बंद केलं.

मग नॅनो म्हटलं की घाबरायचं का? नाही. गढूळ, जंतूंचं पाणी पिण्यापेक्षा चांदीचा फिल्टर नक्कीच बरा. फक्त त्यातला कार्ट्रिज सांगितलेल्या मुदतीत बदला. काढलेला कार्ट्रिज विहिरीजवळ किंवा उकिरड्यावर टाकू नका.

पण विकणाऱ्याला तीन प्रश्न जरूर विचारा. यात नेमका कोणता पदार्थ आहे? तो धुतल्यावर, वापरल्यावर कुठे जातो? आणि साध्या वस्तूपेक्षा याचा जास्त उपयोग काय? उत्तर नुसतं ‘परदेशी तंत्र आहे ताई’ एवढंच आलं, तर गटाचे पैसे गटातच राहू द्या. गटाच्या नावावर वस्तू विकली की शेजारीण कंपनीला नाही, आपल्यालाच जाब विचारते.