थापेला मोकळीक, कात्रीला खटला



मुद्रित आवाजांचे तुकडे जुळवून संगीत रचण्याचा प्रयोग काही नवा नाही. १९४८ साली पॅरिसच्या नभोवाणीवर पिएर शेफर यांनी आगगाड्यांच्या धडधडीतून एक रचना सिद्ध केली होती. कॅलिफोर्नियातील 'निगेटिव्हलँड' या संगीत-गटाने मात्र ही कात्री जाहिराती, धर्मोपदेश आणि बातमीपत्रे यांच्यावर चालवली. १९८० साली त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. पुढच्याच वर्षापासून बर्कलेच्या केपीएफए या, श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणाऱ्या नभोवाणी केंद्रावर डॉन जॉइस यांचा 'ओव्हर द एज' हा कार्यक्रम या मंडळींची प्रयोगशाळाच बनला.

१९८७ साली त्यांच्या 'एस्केप फ्रॉम नॉइज' या ध्वनिमुद्रिकेत 'ख्रिश्चॅनिटी इज स्टुपिड' नावाची एक रचना होती. तिच्यातला आवाज एस्टस पर्कल या बाप्टिस्ट धर्मोपदेशकाचा. अमेरिकेत साम्यवादी राज्य आले तर ध्वनिक्षेपकांवरून लोकांच्या कानीकपाळी काय ओरडले जाईल, याचे भयचित्र तो आपल्या प्रवचनात रंगवीत होता. निगेटिव्हलँडने त्याची आजूबाजूची वाक्ये कापून टाकली. उरला तो धर्माला मूढ ठरवणारा आणि साम्यवादाची भलामण करणारा प्रचारक, तोही स्वतः पर्कलच्याच आवाजात! भीतीचा व्यापार करणाऱ्याची याहून नेमकी फजिती क्वचितच झाली असेल.

पुढचे प्रकरण इतके सुखाचे नाही. फेब्रुवारी १९८८ मध्ये मिनेसोटा राज्यातील रॉचेस्टर येथे एका सोळा वर्षांच्या मुलाने आई, वडील, भाऊ आणि बहीण यांची कुऱ्हाडीने हत्या केली. एका ध्वनिफितीवरून बापलेकांत वाद झाला होता, असे वृत्तपत्रांत आले होते. त्याच सुमारास निगेटिव्हलँडचा दौरा आतबट्ट्याचा ठरणार म्हणून रद्द झाला होता. गटाने प्रसिद्धिपत्रक काढले, की आपल्या रचनेचा या हत्यांशी संबंध आहे काय याची चौकशी चालू असून, शहर सोडू नये असे सरकारी अधिकाऱ्याने बजावले आहे. हे सारे धादांत खोटे होते. पण नियतकालिकांनी ते छापले, एकाचे वाचून दुसऱ्याने उचलले, आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या एका दूरचित्रवाणी केंद्राने गटाच्या मुलाखतीसह ती बातमी प्रक्षेपित केली. तपास करणाऱ्यांना विचारून शहानिशा करावी, हे त्यांतल्या कुणाला सुचले नाही. संपाचे खरेखुरे पत्रक छापून यावे म्हणून कचेऱ्यांचे उंबरठे झिजवणाऱ्या कार्यकर्त्याला यातला विनोद कडवट वाटेल.

१९८९ साली 'हेल्टर स्टुपिड' या ध्वनिमुद्रिकेत गटाने तेच बातमीपत्र कापून-जोडून ऐकवले आणि वेष्टनावर थापेची सारी हकीकत छापली. तरीही प्रश्न उरतोच. ज्या घरातले चौघे मारले गेले, त्यांचे दुःख या प्रयोगात साधन म्हणून वापरले गेले. वृत्तसृष्टीचा निर्लज्जपणा दाखवायला निघालेल्यांनी त्यातला थोडा वाटा स्वतःही उचलला, आणि कबुलीजबाब नंतर दिल्याने त्याचे परिमार्जन होत नाही. हा विडंबनाचा विजय मानून टाळ्या पिटणाऱ्यांनी रॉचेस्टरच्या त्या घराचा क्षणभर विचार करावा.

मात्र व्यवस्थेला खरी जाग कशाने आली, तेही पाहण्यासारखे आहे. ऑगस्ट १९९१ च्या अखेरीस निगेटिव्हलँडने 'यूटू' या जगप्रसिद्ध आयरिश वाद्यवृंदाच्या एका गीताचे विडंबन काढले. वेष्टनावर त्याच नावाचे अमेरिकी हेरविमान आणि मोठ्या ठशात ते अक्षर व तो अंक. आत त्या गीताचा तुकडा आणि एका नामवंत निवेदकाचे प्रक्षेपणाबाहेरचे शिवराळ उद्गार. काही दिवसांतच वाद्यवृंदाच्या आयलंड रेकॉर्ड्स या कंपनीने न्यायालय गाठले. ग्राहकाची फसवणूक होते आणि मालकी हक्काचा भंग होतो, अशी तक्रार होती. एवढ्या मोठ्या कंपनीशी लढण्याइतका पैसा गटाजवळ नव्हता, तडजोड झाली. प्रती बाजारातून परत मागवून नष्ट करण्यासाठी कंपनीच्या स्वाधीन करायच्या ठरल्या, रचनेचे हक्कही कंपनीकडे गेले. खर्च कुणी सोसायचा यावरून निगेटिव्हलँड आणि त्यांची प्रकाशन संस्था यांच्यातच पुढे भांडण जुंपले. १९९५ साली गटाने या खटल्याची कागदपत्रे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. चार मृतांच्या नावावर खपलेली थाप मात्र कित्येक आठवडे बिनदिक्कत फिरत राहिली होती.